प्रेक्षणीय गिरणगांव

ज्या नगरानें शंभर वर्षें कांहीं तरी निर्माण केलें, त्याचा उद्योग बसल्यावर त्यानें आपल्या भूतकाळाचेंच प्रदर्शन मांडून त्यावर निर्वाह करावा काय, हा प्रश्न वरवर पाहतां अर्थशास्त्राचा वाटतो. नगरपालिकेस उत्पन्न हवें, तरुणांस काम हवें, ओसाड पडलेल्या इमारतींचा कांहीं तरी उपयोग हवा. तेव्हां परगांवच्या लोकांनीं येऊन जुन्या गिरण्या पाहाव्या, तिकीट काढावें, चहा घ्यावा व परत जावें, यांत वावगें तें काय, असें कोणीही विचारील. आम्हांसही यांत मुळांतच वावगें असें कांहीं दिसत नाहीं. परंतु जें दाखवावयाचें तें कोणाचें, आणि तें दाखविण्यापूर्वीं दाखविणारानें कोणाचें देणें फेडलें आहे, हें विचारूं लागलें कीं अर्थशास्त्राची हद्द संपते. पुढची वाट नीतिशास्त्राची आहे, आणि ती बरीच खडबडीत आहे.

मुंबईच्या गिरण्यांविषयीं बाभुळगांवीं बसून लिहिण्याचें प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येईल. तिचें उत्तर आमच्या वर्गाच्या खिडकींतून दिसतें. दिवाळीच्या सुमारास येथें चहूंकडे पऱ्हाटी फुटलेली असते, बाया ओटीला फडकें बांधून वेचणी करीत असतात, आणि कापसानें भरलेल्या गाड्या धामणगांवच्या वाटेला लागलेल्या असतात. १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोंचला. धामणगांवचें स्थानक हें पुढें आमच्या भागाचें मुंबईकडे उघडणारें दार झालें. जिनमध्यें सरकी वेगळी व्हावी, प्रेसमध्यें रुईची गाठ बांधली जावी, आणि ती गाठ आगगाडीनें मुंबईस जावी, हा क्रम येथील दोन-तीन पिढ्यांनीं पाहिला. मुंबईच्या धोट्यांतून फिरणारें सगळेंच सूत वऱ्हाडी कापसाचें होतें असें नव्हे. लांब धाग्याचा कापूस परदेशांतूनही येत असे. तथापि वऱ्हाड वजा केल्यास त्या गिरण्यांचा इतिहास पुरता सांगतां येत नाहीं. ज्या घराला आपण शंभर वर्षें धान्य पुरविलें, त्या घरीं आतां काय चाललें आहे, हें विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याला असतो, एवढाच अधिकार आम्ही येथें बजावीत आहों.

मुंबईंत कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढली व ताडदेवची त्यांची गिरणी १८५६ सालीं चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, शिवडी, भायखळा, वरळी या टापूंत धुराड्यांची एक रांगच उभी राहिली, आणि त्या टापूस लोकांनींच गिरणगांव हें नांव दिलें. हें नांव फार बोलकें आहे. नगर म्हटलें नाहीं, पुरी म्हटलें नाहीं, गांव म्हटलें. कारण रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर येथून आलेल्या माणसांनीं आपापलें गांव बरोबरच आणलें होतें. एका गांवच्या पंधरा-वीस पुरुषांनीं मिळून एक खोली घ्यावयाची, दिवसपाळीच्या माणसानें उठून रात्रपाळीच्या माणसास निजावयास जागा द्यावयाची, आणि महिन्याच्या पगारांतून गांवच्या देवळासाठीं वर्गणी काढावयाची, ही गांवकीच्या खोलीची रीत होती. त्यांच्या पोटाची व्यवस्था खाणावळवाल्या बायांकडे. एका लहानशा खोलींत चुलीपुढें बसून वीस-वीस, तीस-तीस माणसांचें जेवण रांधणाऱ्या या स्त्रियांस सावकाराच्या व्याजांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें. गिरणीच्या हजेरीपटावर या बायांचें नांव कधींच नव्हतें. परंतु त्यांची चूल विझली असती तर एकही सांचा फिरला नसता.

या वस्तीनें केवळ कापड काढलें नाहीं. सोशल सर्व्हिस लीग या ना. म. जोशी यांच्या संस्थेच्या आश्रयाखालीं परळचें दामोदर नाट्यगृह १९२२ सालीं उभें राहिलें व तेथें कामगारांनीं दिवसां यंत्रें चालवून रात्रीं नाटकें केलीं. अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी या गल्ल्यांतून घुमली. गिरणींत राबलेल्या नारायण सुर्वे यांचा ‘माझे विद्यापीठ’ हा काव्यसंग्रह १९६६ सालीं निघाला. लेझमीचे आखाडे, भजनी मंडळें, गणेशोत्सवाचे मांडव, हें सर्व ज्यांचें होतें त्यांनीं तें कोणाला दाखवावयाचें म्हणून केलें नव्हतें. आज ज्यास सांस्कृतिक वारसा असें भारदस्त नांव मिळालें आहे, तें त्या काळीं थकलेल्या माणसाचें रात्रीं नऊनंतरचें जगणें होतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार त्यांत उतरले. तो संप विधिपूर्वक कधीं मागें घेतला गेलाच नाहीं. तो झिजत गेला, आणि त्याबरोबर गिरण्याही. संपानें गिरण्या बुडविल्या, कीं आधींच बुडूं घातलेल्या गिरण्यांस संप हें निमित्त सांपडलें, या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. पुढें काय झालें तें अधिक महत्त्वाचें आहे. सोन्याच्या भावाची सुमारें सहाशें एकर जमीन नगराच्या मध्यभागीं मोकळी होऊं लागली. १९९१ सालच्या विकासनियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें असें ठरविलें कीं, गिरणीची जमीन विकावयाची झाल्यास तिचे साधारणपणें तीन वांटे पडावे: एक नगराच्या मोकळ्या जागांसाठीं, एक सार्वजनिक घरबांधणीसाठीं, व एक मालकासाठीं. १९९६ सालीं चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं एका समितीनें या भागाचा आराखडाही केला. परंतु २००१ सालीं नियम पालटला, आणि वांटणी सगळ्या जमिनीची न राहतां आधींपासून रिकाम्या असलेल्या तेवढ्याच जागेची झाली. मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हा पालट ग्राह्य धरला. कायद्याच्या एका वाक्यांत शब्द किती थोडे हलतात आणि त्यायोगें माणसें किती दूर फेंकलीं जातात, याचें याहून चांगलें उदाहरण नीतिशास्त्राच्या वर्गांत देण्यास आम्हांस अद्याप सांपडलेलें नाहीं.

आज त्या भागांत जो जाईल त्यास गिरण्यांचीं नांवें अद्याप ऐकूं येतील. फिनिक्स मिलच्या जागीं बाजार आहे, कमला मिलच्या आवारांत कचेऱ्या व उपाहारगृहें आहेत. बाजाराच्या मध्यभागीं जुनें धुराडें राखून ठेविलें आहे व त्याच्या पायथ्याशीं तरुण मंडळी छायाचित्रें काढून घेतात. आमच्या विदर्भांतही हेंच घडलें. जमशेटजी टाटा यांनीं नागपुरास काढलेली गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं, म्हणजे व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलें त्याच दिवशीं, उघडली. म्हणून तिचें नांव एम्प्रेस मिल. गिरणी गेली, तिच्या जागीं एम्प्रेस सिटी नांवाचा बाजार आला. राणीचें नांव तेवढें टिकलें. त्या गिरणींत ज्यांनीं सूत काढलें त्यांपैकीं एकाचेंही नांव कोणत्या जिन्याला मिळाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, बाजार हा बाजार आहे, त्यास नीति कसली विचारतां? खरी कसोटी संग्रहालयाची आहे, कारण संग्रहालय आपण होऊन स्मृतीचें नांव घेतें. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारांत वस्त्रोद्योगाचें संग्रहालय करण्याचें मुंबई महानगरपालिकेनें हातीं घेतलें. गिरणीचें तळें, त्यांतील कारंजीं, त्यांवर संगीताच्या तालावर प्रकाशाचा खेळ व त्यांतून गिरण्यांची कथा, अशी त्याच्या पहिल्या टप्प्याची योजना. कारंज्यांशीं आमचें वैर नाहीं. परंतु ज्या तळ्याचें पाणी यंत्रांसाठीं होतें, तें आतां नाचणार, हें वाचून मन थोडें थबकतें एवढें खरें.

येथें एक गोष्ट स्पष्ट करणें अवश्य आहे. पाहुण्यांवर जगणें हें आमच्या मतें हीन नव्हे. पंढरपूर शेंकडों वर्षें येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच जगत आलें आहे. नाशिक, पैठण, तुळजापूर यांचेंही तेंच. चंद्रभागेच्या वाळवंटांत बुक्का विकणाराला कोणी परोपजीवी म्हणत नाहीं. मग गिरणगांवानें तिकीट लावलें तर नाक कां मुरडावें? भेद आहे तो असा कीं, वारकरी पाहावयास येत नाहीं, भेटावयास येतो. त्याचें त्या स्थळाशीं आधींचें नातें असतें व तें पुन्हां बांधण्यासाठीं तो पंधरा-वीस दिवस चालतो. प्रवाशाचें त्या स्थळाशीं नातें नसतें. तें जोडून देण्याचें काम दाखविणारावर पडतें. तेव्हां सगळा भार दाखविणाराच्या सचोटीवर येतो. आणि पंढरीची उपमा आम्हीं आणलीच आहे तर तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: तेथेंही देव व भक्त यांच्यामध्यें उभें राहून दक्षिणा कोणी घ्यावी याचा तंटा पिढ्यान् पिढ्या चालला, व बडव्यांचा वंशपरंपरेचा हक्क जानेवारी २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें कायमचा संपला. प्रत्येक तीर्थाला आपला बडवा भेटतो. गिरणगांवाचा बडवा कोण होणार, हें वेळींच पाहिलेलें बरें.

ज्या नगरांनीं या वाटेनें आधीं पाऊल टाकलें त्यांच्याकडे पाहूं. अमेरिकेंतील लोवेल हें कापडगिरण्यांचें शहर. गिरण्या गेल्यावर तें भकास झालें, व १९७८ सालीं तेथील गिरण्या, कालवे व वस्ती मिळून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करण्यांत आलें. तेथें बूट नांवाच्या जुन्या गिरणींत सांच्यांचें एक दालन चालूं ठेविलें आहे, आणि आंत शिरण्यापूर्वीं प्रेक्षकांस कानांत घालण्यास बोळे देतात. या बोळ्यांचा आम्ही पुष्कळ विचार केला. एका अर्थीं हें प्रामाणिकपणाचें आहे. आवाज किती भयंकर होता हें त्यांतून कळतें. दुसऱ्या अर्थीं पांच मिनिटांत बोळे काढून बाहेर पडणाराला, बारा-बारा तास त्या आवाजांत उभें राहून जन्माचें बहिरेपण घेणारीचें दुःख कळलें असें मात्र वाटूं लागतें, आणि ती समजूत अज्ञानाहून वाईट. जर्मनींतील एसेन येथील झोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ सालीं बंद झाली व २००१ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेली. तेथें पूर्वींचे खाणकामगारच पाहुण्यांस खाण दाखवीत आले. हा प्रकार आम्हांस लोवेलच्या बोळ्यांपेक्षां अधिक रुचतो, कारण सांगणाराच्या आवाजांत कोळसा असतो. स्पेनमधील बिल्बाव शहरानें १९९७ सालीं गुगेनहाइम संग्रहालय उघडलें, तें तर लोखंडाशीं व गोद्यांशीं कांहींच संबंध नसलेल्या कलेचें. त्या शहराचें वैभव परतलें असें सगळे म्हणतात, व तें खोटें नसावें. परंतु बिल्बाव आपला भूतकाळ दाखवीत नाहीं, तो मागें टाकतो. हीही एक वाट आहे, आणि तींत निदान ढोंग नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. आपल्याकडे मनुष्य ऋणें घेऊनच जन्मतो असें मानलें आहे: देवांचें, ऋषींचें व पितरांचें. पितृऋण फेडण्याच्या मार्गांत श्राद्ध येतें, आणि संग्रहालय हें नीट पाहिलें तर नगराचें श्राद्धच होय. ज्यांच्या श्रमावर आपण वाढलों त्यांचें नांव घेऊन, त्यांस प्रिय असलेल्या वस्तु मांडून, चार पाहुण्यांसमक्ष आपलें ऋण मान्य करावयाचें. हा भाव असेल तर संग्रहालयासारखें पवित्र कृत्य नाहीं. पण श्राद्धाला अधिकार लागतो. तें ज्याचें-त्याच्या वारसानें करावयाचें. वारसास घराबाहेर बसवून शेजाऱ्यानें पिंड ठेविले तर त्यास कोणी श्राद्ध म्हणत नाहीं. आणि दुसरें, जें इतकें उघड आहे कीं कोणत्याही ग्रंथानें तें वेगळें सांगण्याची जरूर मानली नाहीं: श्राद्ध मृताचें करावयाचें असतें. स्वतःचें श्राद्ध जिवंतपणीं उरकण्याची मोकळीक शास्त्रानें संन्यास घेणाराला दिली आहे खरी, पण तें तो आपल्या हातानें करतो. दुसऱ्यानें त्याच्यासाठीं केल्यास तो वध ठरेल.

गिरणी कामगार मेलेला नाहीं. संपाच्या वर्षीं जो पंचवीस वर्षांचा होता तो आज सत्तरीच्या आसपास आहे. गिरण्यांच्या जमिनीवर घरें मिळावींत म्हणून दीड लाखांहून अधिक कामगारांनीं व त्यांच्या वारसांनीं अर्ज केले. पहिली सोडत २०१२ सालीं निघाली. तेव्हांपासून आजवर मिळालेलीं घरें कांहीं हजारांवर गेलेलीं नाहींत. उरलेल्यांसाठीं मुंबईबाहेर शेलू व वांगणी येथें घरें बांधण्याची योजना पुढें आली, तेव्हां जुलै २०२५ मध्यें म्हातारे कामगार व त्यांचीं मुलें पावसांत आझाद मैदानावर जमलीं आणि घर मुंबईंतच हवें असें म्हणालीं. यांत हट्ट आहे असें कांहींस वाटलें. आम्हांस त्यांत हट्ट दिसत नाहीं. काळाचौकीस संग्रहालय आणि शेलूस कामगार, अशी विभागणी झाली तर आपण जेथें तीस वर्षें उभें राहून काम केलें तो सांचा पाहण्यासाठीं त्या म्हाताऱ्याला आगगाडीचें तिकीट काढून येणें भाग पडेल. तो आपल्याच घरीं प्रवासी होईल.

याचा अर्थ शेवटच्या कामगारास घर मिळेपर्यंत संग्रहालयाचें दार उघडूं नये, असें आमचें म्हणणें आहे काय? तसें म्हणणें सोपें आहे, परंतु तें आम्हांस पटत नाहीं. म्हाताऱ्यांजवळ वेळ थोडा आहे. त्यांच्या तोंडून जें ऐकावयाचें तें दहा वर्षांनीं ऐकतां येणार नाहीं. नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं गिरणगांवांतील सुमारें शंभर जणांच्या हकीकती त्यांच्याच शब्दांत गोळा करून २००४ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या, तेव्हां त्यांनीं जें वांचविलें तें कोणत्याही यंत्राहून मोलाचें होतें. तेव्हां संग्रहालय व्हावेंच. फक्त ऋणाची कबुली म्हणजे ऋणाची फेड नव्हे, हें त्याच्या दारावर कोणी न लिहितांही सर्वांस ठाऊक असलें पाहिजे. सावकाराच्या वहींत नांव सोनेरी शाईनें लिहिल्यानें रक्कम कमी होत नाहीं.

आणि कबुली तरी पुरती हवी. येथें आम्हांस एका गोष्टीची फार धास्ती वाटते. प्रदर्शन मांडणाराचा कल नेहमीं अभिमानाकडे असतो. सांचे घांसून पुसून ठेवले जातील, भोंगा वाजविला जाईल, लेझीम खेळली जाईल. परंतु विणाई खात्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नव्हता, हें तेथें सांगितलें जाईल काय? धोट्यांतील सूत संपलें कीं नव्या कांडीचा धागा तोंडानें ओढून धोट्याच्या छिद्रांतून काढावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचें तोंड लागे. आणि म्हणून सवर्ण विणकरांस महाराच्या ओठांचा विटाळ चालत नसे. त्यामुळें अधिक पगाराचें विणाई खातें त्यांस बंद व कमी पगाराचें रिंग खातें तेवढें उघडें राहिलें. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. आंबेडकरांनीं हा प्रश्न उघडपणें मांडला. ज्या चळवळीचा आपण अभिमान धरतों तिच्या पोटांतच हें होतें. धोटा ही लहानशी, गुळगुळीत, सुबक वस्तु आहे. कांचेच्या पेटींत ती फार शोभेल. तिच्याखालीं ही हकीकत लिहिलेली असली तरच तो धोटा खरा. नाहीं तर तो शोभेचा लाकडी तुकडा.

आमच्याच एका विद्यार्थ्यानें वर्गांत या सगळ्या विवेचनास एक उत्तर दिलें, आणि तें उत्तर चांगलें असल्यामुळें तें येथें देणें न्याय्य होईल. त्याचा भाऊ मुंबईंत गिरणीच्या जागीं झालेल्या एका बाजारांत पहारेकरी आहे. विद्यार्थी म्हणाला, “सर, माझ्या भावाला बारा तास उभं राहावं लागतं, पण त्याच्या छातीत रुईचे कण जात नाहीत. गिरणी होती तेव्हा तुम्ही म्हणालां असतां गिरणी वाईट. आतां गिरणी गेली तर तुम्हांला गिरणी चांगली वाटते.” वर्ग हंसला. या आक्षेपांत बरेंच तथ्य आहे. गेलेल्या कष्टांस सौंदर्य चढतें. चुलीचा धूर डोळ्यांतून गेल्यावरच चुलीवरच्या भाकरीचें काव्य सुचतें. आम्हीं गिरणी परत आणा म्हणत नाहीं. परंतु त्या पहारेकऱ्याच्या मागें आज कोणती संघटना आहे, त्याच्या भागांतील नाट्यगृह कोठें आहे, त्याची रात्रीं नऊनंतरची वेळ कोणाची आहे, असें आम्हीं त्या विद्यार्थ्यास विचारलें, तेव्हां तो थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “रात्री नऊला त्याची पाळी सुरू होते.” दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठीं बंद झालें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. ज्या कामानें छाती पोखरली त्यानें माणसांस एकत्रही आणलें. नव्या कामानें छाती सोडली, पण माणसेंही सुटीं केलीं. यांत कोणतें अधिक वाईट हें आम्हांस तराजूनें तोलून सांगतां येत नाहीं. जो नव्या व्यवस्थेची जाहिरात करतो त्यालाही तें सांगतां येत नसावें. फरक इतकाच कीं तो तराजूच लपवितो.

पडलेल्या उद्योगाच्या गांवीं कसें जावें याचा एक धडा आमच्या शेजारच्या सेवाग्रामच्या रहिवाशानें घालून दिलेला आहे, जरी त्या वेळीं सेवाग्राम वसलेलें नव्हतें. सप्टेंबर १९३१ मध्यें गोलमेज परिषदेसाठीं विलायतेस गेलेले गांधीजी लँकेशायरमध्यें डार्वेन येथें मुद्दाम गेले. विदेशी कापडावरील बहिष्कारानें तेथील गिरण्यांच्या पडझडींत भर घातली होती व हजारों विणकर बेकार होते. ज्यांचें नुकसान आपल्या चळवळीनें झालें त्यांच्या दारीं जाऊन त्यांनीं त्यांचें ऐकून घेतलें, आणि हिंदुस्थानांतील दारिद्र्य त्याहूनही खोल कसें आहे तें त्यांस सांगितलें. बहिष्कार मागें घेतला नाहीं, गोड बोलून वेळ मारून नेली नाहीं. तरीही गिरणींतील बाया त्यांच्याभोंवतीं हर्षानें जमल्या; तें छायाचित्र प्रसिद्ध आहे. बंद गिरणीकडे जाणारे दोन प्रकारचे असतात. एक धुराड्याकडे पाहतो. दुसरा बेकार झालेल्या माणसाकडे पाहतो व त्याच्या स्थितींत आपला वांटा किती तें सांगण्यास तयार असतो. मॉलच्या दारांत उभा राहिलेला ग्राहक, जमिनीच्या भावांत नफा मिळविलेला भागधारक, स्वस्त कापड हवें म्हणणारे आम्ही सर्व, यांचा वांटा शून्य आहे असें कोणी समजूं नये.

आणि वांट्याची गोष्ट निघाली म्हणजे वऱ्हाडची आठवण होणारच. दक्षिण मुंबईंतील जुन्या इमारतींचा समूह २०१८ सालीं जागतिक वारशांत गेला. त्यांतील राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांनीं आपल्या मातेच्या नांवें दिलेल्या पैशानें उभा राहिला, आणि तो पैसा अमेरिकेंतील यादवीच्या काळीं, १८६१ ते १८६५ च्या दरम्यान, कापसाला आलेल्या तेजींतला. त्या तेजीचा कापूस गुजराथ, खानदेश व वऱ्हाड येथल्या मातींत पिकला होता. तो मनोरा पाहणाराला ही माती दिसत नाहीं. संग्रहालयाचेंही तसेंच होणार, असें आम्हांस भय आहे: कथा गिरणीच्या दारापासून सुरू होईल, जणूं रुई आभाळांतून पडली. इकडे वेचणीच्या आरंभीं बाया शेतांत सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून पहिलीं बोंडें वेचतात. हें दृश्य मात्र संग्रहालयवाल्यांस आवडण्याजोगें आहे, व तें ते नेतीलही. पण २०१७ च्या हंगामांत याच यवतमाळ जिल्ह्यांत पऱ्हाटीवर कीटकनाशक फवारतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले, हें त्या दहीभाताशेजारीं मांडण्यास कोणी तयार होईल काय?

एक लहानशी सूचना करावीशी वाटते, कारण ती करण्यास विशेष खर्च नाहीं. १९२५ सालच्या कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्यानें प्रेसमधून निघणाऱ्या प्रत्येक गाठीवर त्या प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणें सक्तीचें केलें होतें. हेतु अगदीं व्यापारी होता: गाठींत भेसळ निघाली तर ती कोणत्या प्रेसमधून आली याचा माग लागावा. काळाचौकीच्या दालनांत रुईची एखादी गाठ ठेवली जाईलच. ती नव्या पांढऱ्याशुभ्र कापडांत बांधून ठेवूं नये. तिच्यावर ती खूण व तो अनुक्रमांक असावा, गाठ कोणत्या तालुक्यांतून आली त्याचें नांव असावें, आणि त्या हंगामांत वेचणाऱ्या बाईस एका किलोमागें किती पैसे मिळाले तो आंकडा असावा.